जनरल कुबडे

गोर्बाचोव्ह नव्हे, गोर्बातोव्ह. आधीच सांगून टाकते, कारण माझ्या भाच्याला हे नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, ते कपाळावर डाग असलेले ना?" नाही रे बाबा. हा अलेक्सांद्र वासिल्येविच गोर्बातोव्ह, दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत जनरल. रशियनमध्ये 'गोर्ब' म्हणजे कुबड आणि 'गोर्बाती' म्हणजे कुबड असलेला. मराठीत सरळ कुबडे. आपल्याकडे हे आडनाव आहेच, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याला जनरल कुबडेच म्हणते. प्रत्यक्षात माणूस ताठ होता, पाठीनेही आणि बाकीच्या बाबतीतही. आडनावाची ही गंमत लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मी तीसेक वर्षं ओझरला रशियन कागदांचं भाषांतर करण्यात काढली. विमानांच्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, 'हा बोल्ट एवढ्या जोराने आवळावा, त्याहून जास्त नको' असली वाक्यं. त्या मजकुराला कुणाचा आवाज नसतो. वसाहतीतलं एक रशियन कुटुंब मायदेशी परतायला निघालं, तेव्हा त्या बाईंनी मला एक इस्त्री, चार रिकाम्या बरण्या आणि पुस्तकांचा एक गठ्ठा दिला. बरण्या फुटल्या, इस्त्री जळली. गठ्ठ्यात गोर्बातोव्हने लिहिलेल्या, पुठ्ठा निघालेल्या या आठवणी होत्या, त्या अजून आहेत. १९६४ साली त्या पहिल्यांदा 'नोवी मीर' मासिकात आल्या, त्वार्दोव्स्की संपादक असताना. मी शब्दकोश मांडीवर घेऊन पहिल्यांदा वाचल्या तेव्हा चार महिने लागले. नंतर किती वेळा वाचल्या, मोजलं नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर त्याला अहोजाहो करणं मला जमत नाही, तेव्हा तो 'तो'च राहील.

जन्म १८९१चा, पाखोतिनो नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. घरात पोरं भरपूर आणि भाकरी मोजून. लहानपणीच शुया गावात दुकानात कामाला लागला. तिथे कुणीतरी त्याला हिणवलं की तूही बाकीच्यांसारखा दारुडा होणार. पोराने तिथल्या तिथे शपथ घेतली: दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही. रशियन सैन्यात शिवी म्हणजे जवळजवळ व्याकरणाचा भाग आहे. मी ओझरला बारीकसारीक तंत्रज्ञांच्या तोंडून जे ऐकलंय त्यावरून सांगते. त्या सैन्यात चाळीसहून अधिक वर्षं काढून माणूस शिवी न देता हुकूम सोडतो, हे मला त्याच्या पदकांपेक्षा अवघड वाटतं.

१९१२ साली तो सतराव्या चेर्निगोव्ह हुसार (म्हणजे हलक्या घोडदळाच्या) रेजिमेंटमध्ये भरती झाला. रेजिमेंटचं ठाणं ओर्योल शहरात होतं. पहिल्या महायुद्धात शिपाई म्हणून लढला, सेंट जॉर्जचे दोन क्रॉस मिळवले. यादवी युद्धात लाल सैन्यात साधा घोडेस्वार म्हणून शिरला आणि ब्रिगेडचा कमांडर होऊन बाहेर पडला. पुढची पंधरा-सोळा वर्षं घोडे, सराव, तुर्कमेनिस्तान, युक्रेन. हा भाग मी दर वेळी भराभर उलटते.

मग १९३७ येतं, स्टालिनने आपल्याच माणसांची धरपकड चालवली ते वर्ष. सोव्हिएत सैन्यात तेव्हा पाच मार्शल होते. पुढच्या दोन वर्षांत त्यातले तिघे, तुखाचेव्स्की, ब्ल्युखेर आणि येगोरोव्ह, आपल्याच सरकारच्या हातून संपले. खालच्या पायऱ्यांवर किती गेले ते विचारू नका. गोर्बातोव्हने एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आहे: सुरुवातीला त्याला हे सगळं खरं वाटत होतं. एवढे मोठे लोक पकडलेत म्हणजे काहीतरी असणार. मग ओळखीचे पकडले जाऊ लागले. त्यांच्या बाजूने बोलण्याची त्याची पद्धत वरच्यांना खटकली. नोकरीवरून काढलं, परत घेतलं, आणि ऑक्टोबर १९३८मध्ये मॉस्कोत अटक केली.

आधी लुब्यांका, मग लेफोर्तोवो, दोन्ही मॉस्कोतले तुरुंग. कोठडीतल्या सोबत्यांनी त्याला समजावलं की बाबा, पहिल्याच दिवशी कबुलीजबाबावर सही करून टाक. नाहीतर पाचव्या वेळी करशीलच, फक्त तोवर हाडं मोडलेली असतील. त्या सोबत्यांनी स्वतः सह्या केल्या होत्या, दुसऱ्यांची नावं दिली होती. याने केली नाही. मारहाणीच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. स्ट्रेचरवरून कोठडीत आणून टाकायचे, थोडा बरा झाला की पुन्हा न्यायचे. कागद समोर, आणि एकच शब्द: सही कर. नाही केली.

मे १९३९मध्ये खटला झाला, चार-पाच मिनिटांचा. न्यायाधीशाने विचारलं की दहा जणांनी गुन्हा कबूल करून तुझं नाव घेतलंय, मग तू का कबूल करत नाहीस? त्यावर याने काय सांगावं? ह्यूगोच्या कादंबरीतला एक किस्सा. ब्रिटनमध्ये सैतानाशी संधान बांधल्याच्या संशयावरून अकरा जणांना पकडलं. छळ झाल्यावर दहा जणांनी कबूल केलं, अकराव्याने केलं नाही. राजाने त्याला कढईत जिवंत उकळायला लावलं. माझ्या दहा सोबत्यांनाही त्या दहांसारखंच भोगावं लागलं असणार, आणि अकराव्याची पाळी त्यांना नको असणार, असं हा मरणाच्या दारात उभा राहून न्यायमंडळाला सांगतो. न्यायाधीश म्हणे एकमेकांकडे बघून हसले. मग पंधरा वर्षांची शिक्षा आली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते.

कोलिमाला, म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या गोठलेल्या मुलखातल्या कैद्यांच्या छावण्यांकडे, नेणाऱ्या 'झुर्मा' बोटीवरचा एक प्रसंग मात्र मला दर वेळी हसवतो, आणि मग हसल्याची लाज वाटते. हा उशाला बूट ठेवून पडलेला. दोन गुंड आले. एकाने छातीत ठोसा दिला, दुसऱ्याने बूट ओढले. ओढता ओढता तो इतरांना सांगतो, बघा हो, या माणसाने मला बूट कधीचे विकलेत, पैसेही घेतलेत, आणि आता देत नाही! सगळी बोट हसली. ब्रिगेडचा माजी कमांडर अनवाणी. पुढे माल्द्याक नावाची सोन्याची खाण, मगादान बंदरापासून शेकडो किलोमीटर आत. स्कर्वी झाला, दात हलायला लागले, पाय सुजून खांबासारखे झाले. तिकडे मॉस्कोत त्याची बायको नीना अलेक्सांद्रोव्ना एका दारातून दुसऱ्या दारात अर्ज घेऊन फिरत होती. मार्शल बुद्योन्नी यांनी शब्द टाकला. खटला पुन्हा उघडला आणि ५ मार्च १९४१च्या रात्री त्याला सोडलं. ही तारीख त्याने नेमकी नोंदवली आहे.

पुढचं गणित तुम्हीच करा. सुटका मार्चमध्ये. जर्मनांचा हल्ला २२ जूनला. मधे साडेतीन महिने, त्यातला काही काळ आरोग्यधामात अंगावर मांस चढवण्यात गेला. मग पंचविसाव्या रायफल कोरचा (कोर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेलं दल) उपकमांडर म्हणून नेमणूक. म्हणजे ज्यांनी दात हलवले त्यांच्याचसाठी लढायला हा निघाला. आणि निघाला तो आनंदाने! हे मला वर्षानुवर्षं पचलं नाही. एवढं होऊन पक्षावर राग नाही, रागवला असेल तर कागदावर नाही. पण पुस्तक छापणारी मंडळी कोण होती हेही लक्षात घ्यायला हवं.

जुलै १९४१, वितेब्स्कजवळ. कोर युक्रेनमधून घाईघाईने तिथे हलवला होता, कोनेव्हच्या एकोणिसाव्या आर्मीत. तिथे त्याने जे पाहिलं त्याची पानं या पुस्तकातली सगळ्यात कडू पानं आहेत, लेफोर्तोवोपेक्षाही. तोफांचा मारा फारसा नसताना माणसं ठाणी सोडून झाडीतून मागे येताहेत. अडवलं की थांबतात, पाठ फिरवली की पुन्हा निघतात. अधिकारी गोंधळलेले, निर्णय घ्यायला घाबरलेले, वरून हुकूम आला नाही म्हणून हात बांधून बसलेले. हा रस्त्यावर उभा राहून एकेका घोळक्याला परत धाडत होता. त्यातच पायाला गोळी लागली. कोलिमाहून परतल्यापासून एक प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत होता: अनुभवी कमांडर एवढ्या संख्येने गेलेत, लढाई आली तर लढवणार कोण? वितेब्स्कच्या रस्त्यावर त्याला उत्तर दिसलं. ज्या अधिकाऱ्याने शेजारच्या टेबलावरचा माणूस नाहीसा होताना पाहिलाय, तो स्वतःच्या अकलेने एक पलटणसुद्धा हलवत नाही.

इस्पितळातून उठल्यावर १ ऑक्टोबर १९४१ला त्याला २२६ वी रायफल डिव्हिजन मिळाली. इथून खरा गोर्बातोव्ह सुरू होतो. त्या हिवाळ्यात खार्कोव्हच्या बाजूला तो लहान लहान तुकड्या करून रात्री धाडी घालू लागला. कडाक्याच्या थंडीत जर्मन गावातल्या घरांत ऊब धरून झोपतात, हे त्याने हेरलं. माल्द्याकला तंबूत राहिलेल्या माणसाला थंडीतली झोप कशी असते ते शिकवायची गरज नव्हती. गाव घेरायचं, कैदी पकडायचे, हत्यारं गोळा करायची, उजाडायच्या आत परत. त्याच्या वरच्या आर्मी कमांडरला हे पसंत नव्हतं. त्याला टेकड्यांवर समोरून हल्ले हवे होते, नकाशावर बाण दिसायला हवा होता. दोघांची जुंपली, वारंवार. गोर्बातोव्हचं म्हणणं साधं होतं: समोरच्या बाजूने तयारीत बसलेल्या शत्रूवर माणसं घातली तर माणसं मरतात आणि टेकडी तिथेच राहते.

तरी डिसेंबरमध्ये मेजर जनरलची बढती आली. मे १९४२मध्ये खार्कोव्हच्या चढाईत त्याच्या डिव्हिजनने पहिल्याच दिवशी नेपोक्रितोये गाव घेतलं. ती चढाई एकंदरीत मात्र भयानक फसली. बार्वेन्कोवोच्या कोंडीत सोव्हिएत बाजूचे दोन लाखांहून अधिक लोक गेले. त्यानंतरचं वर्ष त्याने घोडदळाची तपासणी वगैरे कामांत काढलं. ते मी सोडून देते, त्यालाही त्यात फार रस नव्हता असं वाचताना जाणवतं.

जून १९४३मध्ये तो तिसऱ्या आर्मीचा कमांडर झाला आणि बर्लिनपर्यंत तिसरी आर्मी आणि तो एकत्र राहिले. (थोडी भाषांतरकाराची कटकट: रशियनमध्ये 'फ्रंट' म्हणजे आपण म्हणतो ती आघाडी नव्हे. अनेक आर्म्या मिळून एक फ्रंट. फ्रंटचा कमांडर वरचा, आर्मीचा त्याच्या हाताखाली. हे कळेपर्यंत मी पहिली दोनशे पानं चुकीची समजले होते.)

१२ जुलै १९४३. कुर्स्कच्या दक्षिणेला प्रोखोरोव्का इथे रणगाडे एकमेकांवर आदळत होते तो दिवस. सगळं जग त्या दिवशीचं प्रोखोरोव्काच सांगतं. त्याच दिवशी उत्तरेला ब्र्यान्स्क फ्रंटने ओर्योलच्या दिशेने चढाई सुरू केली आणि तिसरी आर्मी झुशा नदी ओलांडून निघाली. जर्मन तिथे जवळजवळ दोन वर्षं खणून बसले होते, त्यामुळे तीन आठवडे लागले.

३ ऑगस्टला, शहर दिसायला लागलं होतं तेव्हा, गोर्बातोव्ह जनरल गुर्त्येव्हच्या निरीक्षण चौकीवर गेला. गुर्त्येव्ह म्हणजे स्टालिनग्राडला 'बारिकादी' कारखान्यापाशी ३०८ वी डिव्हिजन घेऊन लढलेला माणूस. अबोल, स्वतःकडे लक्ष जाणार नाही अशा बेताने वागणारा. दोघे शेजारी शेजारी पडून दुर्बिणीतून बघत होते. तोफगोळा जवळच फुटला. गुर्त्येव्ह किंचित उठला आणि हळूच म्हणाला की कॉम्रेड कमांडर, मला वाटतं मी मेलो. मग त्याचं डोकं गोर्बातोव्हच्या खांद्यावर पडलं. बस. मूळ रशियनमध्ये ते तीन-चार शब्द आहेत आणि त्यात एक 'काझेत्सा' आहे, म्हणजे 'वाटतं', 'बहुतेक'. स्वतःच्या मरणाबद्दलही खात्रीने बोलायचा संकोच. हे वाक्य मी मराठीत पन्नास वेळा केलं असेल, एकदाही जमलं नाही.

५ ऑगस्टला ओर्योल मोकळं झालं. एकतीस वर्षांपूर्वी एकवीस वर्षांचा कुबड्यांचा पोरगा हुसारांचा पोशाख घालून जिथे कवायत शिकला तेच शहर, आता विटांचे ढीग. त्या रात्री मॉस्कोत ओर्योल आणि बेल्गोरोद या दोन शहरांसाठी १२ फैरींची तोफांची सलामी झाली. या युद्धातली ही पहिली सलामी. त्यानंतर प्रत्येक मोठ्या विजयाला सलामी द्यायची प्रथाच पडली.

त्या वर्षाच्या शेवटी तिसरी आर्मी रोकोसोव्स्कीच्या फ्रंटमध्ये आली. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात चांगली जोडी. रोकोसोव्स्की स्वतः १९३७मध्ये पकडला गेलेला, मारहाणीत दात गेलेला, १९४०मध्ये सुटलेला. म्हणजे फ्रंटचा कमांडर माजी कैदी, आर्मीचा कमांडर माजी कैदी, आणि दोघे मिळून हिटलरशी लढताहेत. जेवताना ते दातांबद्दल बोलत असतील का? बहुधा नाही. अशी माणसं त्यावर बोलत नाहीत.

रोकोसोव्स्कीने आपल्या आठवणींत लिहिलंय की गोर्बातोव्ह सुव्होरोव्हचा भक्त. (सुव्होरोव्ह म्हणजे अठराव्या शतकातला त्यांचा तो सेनापती, 'संख्येने नाही, कसबाने जिंका' म्हणणारा.) चैन नको, सैनिकांच्याच पातेल्यातलं जेवायचं. पण कधी कधी सुव्होरोव्हचे नियम फार शब्दशः घ्यायचा, अशीही तक्रार त्याने केली आहे. आणि एक किस्सा. एका चढाईत तिसऱ्या आर्मीला दुय्यम काम मिळालं, शत्रूला गुंतवून ठेवायचं. गोर्बातोव्हला वाटलं की आपली माणसं विनाकारण मारली जाताहेत. त्याने फ्रंट कमांडरची तक्रार थेट वर, मॉस्कोला केली. स्टालिनच्या काळात, कोलिमाहून परतलेल्या माणसाने, साहेबाच्या डोक्यावरून! रोकोसोव्स्कीने त्याला बोलावलं, रागावला नाही, पूर्ण आराखडा समोर पसरला आणि समजावलं की दुसरीकडचा घाव बसावा म्हणून तुला इथे हे करायचंय. याचं समाधान झालं. रोकोसोव्स्की लिहितो की या प्रकरणाने हा माणूस माझ्या नजरेत वर चढला. मी नोकरीत अनेक साहेब पाहिले. असा एकही नाही.

फेब्रुवारी १९४४मध्ये रोगाचोव्ह. नीपर नदी गोठलेली. गोर्बातोव्हने स्कीवरची माणसं आणि आठवी शिक्षा-बटालियन रात्री जर्मन रांगांमधून पार करून मागच्या बाजूला पाठवली आणि बाकीची आर्मी बर्फावरून नदीपलीकडे घातली. २४ तारखेला रोगाचोव्ह हातात आलं. शिक्षा-बटालियन म्हणजे गुन्हेगार ठरवलेले अधिकारी, हुद्दे काढून घेतलेले. नियम असा की रक्ताने फेडायचं, म्हणजे जखमी व्हायचं किंवा मरायचं, मगच माफी. पाचेक दिवस शत्रूच्या पाठीमागे धुमाकूळ घालून ते परतले तेव्हा गोर्बातोव्हने त्यातल्या बहुतेकांना सोडून दिलं. जखम झाली असो वा नसो, हुद्दे परत. सांगितलेलं काम केलंत ना, मग रक्त कशाला हवंय? असा हिशेब दुसऱ्या किती कमांडरांनी केला असता, शंका आहे. अंगावर एकदा कैद्याचा शिक्का बसलेल्या माणसाला हा हिशेब सुचतो.

त्या उन्हाळ्यात बेलारूसमधली मोठी मोहीम, 'बाग्रातिओन'. बोब्रुइस्क घ्यायला एकच मोठा घाव घालावा असं मॉस्कोतल्या मंडळींचं मत होतं. रोकोसोव्स्की म्हणाला, दोन घाव, दोन बाजूंनी. स्टालिनने त्याला 'बाहेर जाऊन विचार करून या' असं दोनदा सांगितलं, हा परत येऊन तेच बोलला. शेवटी मान्य झालं. त्यातला रोगाचोव्हकडचा घाव होता गोर्बातोव्हच्या तिसऱ्या आर्मीचा आणि तिच्या शेजारच्या अठ्ठेचाळिसाव्या आर्मीचा.

आता गंमत बघा. तयारी चालू असताना गोर्बातोव्ह म्हणाला, बाखारोव्हचा रणगाडा कोर थोडा उत्तरेकडून घाला. तिथे दलदल आणि जंगल आहे म्हणून जर्मनांची फळी पातळ आहे. वरिष्ठांनी ऐकलं नाही. २४ जूनला हल्ला सुरू झाला, आणि ठरलेल्या जागी पुढे सरकता येईना. मग गोर्बातोव्ह म्हणत होता तेच करावं लागलं. २७ तारखेला बोब्रुइस्कभोवती वेढा पडला, २९ला शहर पडलं आणि त्याच दिवशी गोर्बातोव्ह कर्नल जनरल झाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, अशी कबुली खुद्द रोकोसोव्स्कीने छापून दिली आहे. स्टालिनसमोर दोनदा हट्ट धरणारा माणूस आपल्या हाताखालच्याचा हट्ट मात्र पहिल्या झटक्यात मानत नाही. ते वाचून मला रोकोसोव्स्की जास्तच आवडायला लागला. देवमाणूस वाटत होता, तो माणूस झाला.

जानेवारी १९४५मध्ये तिसरी आर्मी पूर्व प्रशियात शिरली. इथे मी अडखळते. त्या प्रांतात सोव्हिएत सैन्याने जर्मन नागरिकांचं, विशेषतः बायकांचं, जे केलं ते आता जगाला माहीत आहे. इतर आर्म्यांबरोबर याची आर्मीही तिथे होती. शिवी न देणारा, सैनिकांचा जीव मोजून वापरणारा माणूस म्हणून मी त्याला त्यातून अलगद बाजूला काढू शकत नाही. काढायची इच्छा मात्र होते, हे कबूल करते. एप्रिलमध्ये त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. मग बर्लिन. जूनमध्ये शहराचा पहिला सोव्हिएत कमांडंट बेर्झारिन मोटरसायकलच्या अपघातात गेला आणि त्याच्या खुर्चीत गोर्बातोव्ह बसला. कोलिमाहून सुटून सव्वाचार वर्षं झाली होती.

आता ते आडनाव.

आर्मी बेलारूसमध्ये असताना गोर्बातोव्हने जंगलातलं लाकूड तोडून दोन्बासच्या कोळशाच्या खाणींकडे पाठवायला सुरुवात केली. जर्मनांनी खाणी उद्ध्वस्त केल्या होत्या, छताला आधार द्यायला लाकूड नव्हतं. इथे जंगल उभं, तिथे खाणी आडव्या, मग पाठवूया की. कुणाची परवानगी? कुणाचीच नाही. साहजिकच कुणीतरी कळवलं की जनरल सरकारी लाकडाचा धंदा करतोय. मॉस्कोहून तपासणी आली. वैयक्तिक फायद्याचा एक रुबलही सापडला नाही. प्रकरण स्टालिनपर्यंत गेलं आणि, गोष्ट अशी सांगतात, स्टालिन म्हणाला: गोर्बातोव्हला आता थडगंच सुधारेल.

रशियन म्हण आहे, 'गर्बातवा मगीला इस्प्रावित'. कुबड्याला थडगं सरळ करतं. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत असताना बाईंनी ही म्हण फळ्यावर लिहून विचारलं होतं की मराठीत काय म्हणाल? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही! बाई खूश झाल्या, पण आम्हाला एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. ती मला ओझरच्या क्वार्टरमध्ये हे पुस्तक वाचताना कळली. म्हणीतलं 'कुबड्याला' आणि आडनावाचं 'गोर्बातोव्हला' हे दोन शब्द रशियनमध्ये लिहिताना दोन अक्षरांनी वेगळे, पण उच्चार अगदी एकच: गर्बातवा. म्हणजे स्टालिनच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा खोलीतल्यांना कळायला मार्ग नव्हता की साहेब नुसती म्हण म्हणताहेत की या माणसाला थडग्यात घालायचं ठरवताहेत. त्या खोलीत दोन्ही शक्य होतं.

यावेळी ती नुसती म्हण निघाली.

स्टालिन गेला ५ मार्च १९५३ला. गोर्बातोव्हच्या सुटकेला त्या रात्री बरोब्बर बारा वर्षं झाली होती. तो तेव्हा बासष्टीला टेकला होता, आणि छत्रीधारी सैन्याचा सेनापती म्हणून विमानातून उड्या मारणाऱ्या पोरांना शिवी न देता हुकूम सोडत होता.